टॉर्च घेताय की बॅटरी?

(हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना मध्ये मध्ये आलेलं 'अं' आणि 'म्हणजे कसं' तेवढं गाळलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय. बसमध्ये हेडफोन नसेल तर वाचून काढा.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून आलाय. तो शहरात शिकतो, घरी गावाकडे शेती आहे. ज्या आठवड्यात पंपाची लाईट रात्री असते, त्या आठवड्यात त्याचे वडील रात्री दारं धरायला जातात. तो लिहितो, "बाबांना एक बॅटरी घ्यायचीये, पाचशेच्या आत. ऑनलाइन बघितलं तर दोनशेची टॉर्च दहा हजार ल्युमेन म्हणते आणि हजाराची टॉर्च चारशे ल्युमेन म्हणते. डोकं चालेना. कुठली घेऊ?"

यातला एक शब्द बघा. तो टॉर्चला 'बॅटरी' म्हणतोय. आपल्याकडे गावोगाव तसंच म्हणतात, "बॅटरी घेऊन ये रे, शेल टाक त्यात." शहरातली मुलं याला हसतात. पुस्तकात 'विजेरी' असा छान शब्द आहे, पण तो कोणी दुकानात जाऊन म्हणत नाही. माझं मत विचाराल तर 'बॅटरी' हाच सगळ्यात नेमका शब्द आहे. कारण स्वस्त टॉर्चमध्ये एलईडी हा भाग आता किरकोळ झालाय. बऱ्यापैकी प्रकाश देणारा एलईडी काही रुपयांत मिळतो, तो हजारो तास टिकतो, आणि दोनशेच्या टॉर्चमधल्या आणि हजाराच्या टॉर्चमधल्या एलईडीत लोकांना वाटतो तेवढा फरक नसतो. फरक असतो तो त्याला वीज कोण पुरवतं, किती पुरवतं आणि कशी पुरवतं यात. टॉर्च घेताना आपण खरं तर बॅटरीच घेत असतो.

आधी त्या दहा हजार ल्युमेनचा निकाल लावू. गणित सातवीचं आहे, घाबरू नका.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते माप. तुमच्या खोलीत नऊ वॉटचा एलईडी बल्ब असेल. त्याचा खोका अजून घरात असेल तर बघा, त्यावर ८०० ते ९०० च्या आसपास ल्युमेन लिहिलेले असतात. म्हणजे ढोबळमानाने एका वॉटला शंभर ल्युमेन. टॉर्चमधला साधा एलईडीही याच घरातला. मग दहा हजार ल्युमेन म्हणजे घरचे अकरा-बारा बल्ब एका मुठीत. त्याला लागणार शंभर वॉट.

आता बॅटरीत किती आहे ते बघू. या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा एक १८६५० सेल असतो. नाव विचित्र आहे, पण त्यात फक्त माप आहे. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचा शून्य म्हणजे गोल नळकांडं. व्होल्टेज ३.७. चांगला, प्रामाणिक सेल २,६०० एमएएचचा धरू, म्हणजे २.६ अँपिअर-तास. गुणाकार केला की साधारण साडेनऊ वॉट-तास. शंभर वॉटच्या दिव्याला साडेनऊ वॉट-तास किती वेळ पुरतील? सहा मिनिटंसुद्धा नाही. त्या सहा मिनिटांत सेलमधून सत्तावीसेक अँपिअर करंट ओढायला लागेल, जो असल्या सेलला झेपणार नाही, आणि टॉर्च हातात धरवणार नाही इतकी तापेल. खोक्यावर मात्र शेजारीच लिहिलेलं असतं 'दहा तास चालते'. दोन्ही वाक्यं एकाच खोक्यावर खरी असूच शकत नाहीत.

तोच साडेनऊ वॉट-तासांचा सेल दोन वॉटच्या दिव्याला जोडला तर? दोनशे ल्युमेन, पावणेपाच तास. त्यातले काही सर्किटमध्ये वाया जातात, चार तास धरा. हे खरं वाटतं ना? खरंच आहे. म्हणजे ती हजाराची चारशे ल्युमेनवाली टॉर्च बिचारी खरं बोलत होती, म्हणून तुम्हाला ती कमी वाटली.

इथे एक बारीक गोष्ट. खोक्यावर एएनएसआय एफएल-१ असं काही लिहिलेलं असेल तर ते टॉर्च मोजायच्या एका मानकाचं नाव आहे, अमेरिकेत २००९ मध्ये आलेलं. त्यात 'किती वेळ चालते' याचा अर्थ असा, की सुरुवातीच्या प्रकाशाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. दहा टक्के! म्हणजे 'आठ तास' लिहिलंय तर आठव्या तासाला तुमच्याकडे चिमणी उरलेली असू शकते. आणि 'पल्ला ५०० मीटर' याचा अर्थ तिथे पाव लक्स उजेड पोचतो, साधारण स्वच्छ आभाळातल्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका. पाचशे मीटरवर चांदणं. तिथला माणूस ओळखू येईल असं समजू नका. अर्थात, ज्या खोक्यावर हे मानक आहे त्याने निदान मोजायची तसदी तरी घेतली. आपण ज्या टॉर्चबद्दल बोलतोय त्यातल्या पुष्कळ खोक्यांवर आकडे छापखान्यात ठरतात.

आता खुद्द बॅटऱ्या. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिली, जी गावच्या हार्डवेअरच्या दुकानात हमखास टांगलेली असते. मागून दोन पिना बाहेर येतात, भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खोचायची, लाल दिवा लागतो. स्वस्त, वायर नाही, चार्जर हरवायची भीती नाही. म्हणून खपते. यात बऱ्याचदा चार व्होल्टची छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते, इन्व्हर्टरच्या बॅटरीची धाकटी बहीण. हिचा स्वभाव असा की तिला रिकामं राहणं अजिबात सोसत नाही. वापरून झाली आणि तशीच खुंटीला अडकवून ठेवली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. तुमच्या घरातही हे झालं असेल. आणली तेव्हा रात्रभर चालायची, सहा महिन्यांनी वीस मिनिटं, पुढच्या पावसाळ्यात पाच मिनिटं. एलईडी ठणठणीत असतो, बॅटरी मेलेली असते, आणि ती बदलायला खोलावी तर आत डाग मारून जोडलेली. अशी टॉर्च घरात असेलच तर वापरली की त्याच दिवशी चार्ज करा, आणि न वापरता पडून असली तरी महिन्यातून एकदा करा.

पण टिकण्यापेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. या टॉर्चमध्ये जागा आणि पैसे वाचवायला ट्रान्सफॉर्मर घालतच नाहीत. एक कपॅसिटर करंट कमी करतो, बस. म्हणजे फोनच्या चार्जरमध्ये घरची २३० व्होल्टची वीज आणि तुमचा हात यांच्यामध्ये जी भिंत असते, ती इथे नसते. सॉकेटमध्ये खोचलेली असताना आतलं सगळं सर्किट थेट मेनला जोडलेलं आहे असं समजा. तुमच्या आणि त्या विजेच्या मध्ये फक्त प्लास्टिकची खोकी. तिला तडा गेलेला असेल, हात ओला असेल, किंवा कोणी पोरगं लागलेली टॉर्च ओढायला गेलं तर झटका बसू शकतो, आणि तो झटका घरच्या मेनचा असतो. चार्जिंगला असताना तिला हात लावायचा नाही, चालू करायची नाही, आणि 'बघू काय झालंय' म्हणून खोलायची तर मुळीच नाही. आधी बटण बंद, मग काढायची. आजीला हे सांगून ठेवा. शेतात पाण्यात भिजून आलेली टॉर्च तशीच भिंतीत खोचणं हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात भयंकर दृश्य वाटतं.

दुसरी बाजू पेन्सिल सेलची. यात लोक फक्त 'सेल' म्हणतात आणि दुकानदार हाताला येईल तो देतो. पण त्यात तीन वेगळ्या वस्तू आहेत. साधा स्वस्त सेल, ज्यावर बऱ्याचदा 'हेवी ड्यूटी' छापलेलं असतं, तो झिंक-कार्बनचा. घड्याळ आणि रिमोटसाठी ठीक. टॉर्चसारखं जास्त करंट ओढणारं काम दिलं की लवकर दमतो. अल्कलाइन सेल महाग, पण टॉर्चमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट काम सहज करतो, त्यामुळे हिशेबाने तोच स्वस्त पडतो. आणि तिसरा रिचार्जेबल, निकेल-मेटल-हायड्राइडचा. त्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि लोक घाबरतात की १.५ पेक्षा कमी म्हणजे उजेड कमी पडणार. होत नाही तसं. अल्कलाइन १.५ पासून सुरू होतो आणि लोड आला की उतरत जातो. हा १.२ च्या आसपास शेवटपर्यंत टिकून राहतो. शेकडो वेळा चार्ज होतो. फक्त घेताना 'लो सेल्फ-डिस्चार्ज' किंवा 'रेडी टू यूज' असं लिहिलेला घ्या, नाहीतर ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या महिन्याभरात बराच रिकामा होतो.

आणखी एक, जे खोक्यावर कोणी लिहीत नाही. बारक्या तीन सेलवाल्या टॉर्च, ज्यांच्यात रिमोटचे सेल एका प्लास्टिकच्या पिंजऱ्यात बसवायचे असतात, त्या टाळा. रिमोटच्या बारीक सेलमध्ये नेहमीच्या पेन्सिल सेलच्या निम्म्याहून कमी ऊर्जा असते. म्हणजे तीन बारक्यांपेक्षा दोन नेहमीचे जास्त चालतात, आणि एक सेल कमी घ्यावा लागतो. शिवाय तो पिंजरा अंधारात उलटा घातला जातो, त्याची स्प्रिंग निसटते. दोन पेन्सिल सेलची, सरळ नळीत सरकवायची टॉर्च बरी.

(इथे एक शंका येईल. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, मग दोन सेल उतरले की काय? बऱ्या टॉर्चमध्ये व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ते असेल तर सेल अर्धे झाले तरी उजेड जवळजवळ तसाच राहतो. नसेल तर पहिल्या अर्ध्या तासातच पिवळट चेहरा.)

आता पुन्हा १८६५० कडे. आजच्या घडीला ऊर्जा, वजन, किंमत सगळं बघितलं तर हाच सेल सगळ्यात फायद्याचा. त्याच्यात दोन अल्कलाइन पेन्सिल सेलच्या दीडपट तरी वीज मावते आणि तो पुन्हा पुन्हा चार्ज होतो. पण खोटेपणाही इथेच सर्वात जास्त. ऑनलाइन '९,९०० एमएएच' लिहिलेले सेल मिळतात. नामांकित कारखान्यांचे उत्तम १८६५० सेल वर्षानुवर्षं ३,५०० च्या आसपास आहेत. ज्याला ९,९०० जमलं असतं, त्याने ते दोनशेच्या टॉर्चमध्ये कशाला घातलं असतं? पहिल्यांदा फोनवाल्यांनीच त्याच्या दारात रांग लावली असती. ओळखायची सोपी खूण वजन. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. किराणा दुकानातल्या काट्यावर टाकून बघा. तीस-बत्तीस ग्रॅम भरला तर आत हवा आहे. दुसरी गोष्ट, याचं वेष्टण फाटलेलं असेल किंवा टोक चेपलेलं असेल तर वापरू नका, आणि सुटा सेल कधीही किल्ल्या-नाण्यांच्या खिशात टाकू नका. दोन टोकं जुळली की तो तापून पेट घेऊ शकतो. आणि अगदी पेन्सिल सेलच्याच मापाचा, १४५०० नावाचा लिथियम सेल येतो. तो ३.७ व्होल्टचा आहे. भिंतीवरच्या घड्याळात किंवा साध्या टॉर्चमध्ये तो घातला की ते जळालंच म्हणून समजा.

आता मुद्दा असा की उजेड कशाला हवाय. ट्रेकिंगवाली मंडळी, तुम्ही 'पल्ला किती' विचारता. रात्री शेतात चालणाऱ्याला पल्ला दुसऱ्या नंबरवर लागतो. त्याला पायापुढची चार-पाच मीटर जमीन, बांधाची कड, पाटातलं गवत सपाट, एकसारख्या उजेडात दिसायला हवं. कारण तिथे मण्यार असू शकते, घोणस असू शकते, आणि कोकणात किंवा खडकाळ माळावर फुरसं. बिबट्याचे किंवा मांजराचे डोळे टॉर्चमध्ये चमकतात, सापाचे तसे चमकत नाहीत. म्हणजे तुम्हाला चमक शोधायची नाहीये, आकार आणि नक्षी ओळखायची आहे. आणि घोणसीची तपकिरी नक्षी तपकिरी मातीवर निळसर पांढऱ्या उजेडात अगदी विरून जाते. म्हणून टॉर्च घेताना तिचा उजेड स्वतःच्या तळहातावर टाकून बघा. हात प्रेतासारखा निळा-राखाडी दिसला तर ती नको. त्वचेचा रंग त्वचेसारखा दिसला पाहिजे. तो झूम होणारा, लांब भिंतीवर चौकोनी ठिपका पाडणारा प्रकार दुकानात फार भारी वाटतो, बांधावर त्याचा उपयोग कमी. ठिपक्याच्या बाहेर सगळा काळोख, आणि पाय नेमका तिथेच पडतो. झूम असेलच तर तो पूर्ण पसरवून वापरा. दीडशे-दोनशे खरे ल्युमेन पुष्कळ झाले. आणि उजेड कितीही चांगला असला तरी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातात काठी हे ठरलेलंच.

"मग मोबाईलची टॉर्च काय वाईट आहे?" हा पुढचा प्रश्न मला माहितीये. वाईट नाही. पण तिचा उजेड सगळीकडे सांडतो, दोन-तीन पावलांपुढे पातळ होतो. फोन ओल्या हातात निसटतो. आणि काही झालंच तर १०८ ला फोन करायचा तोच फोन पाटात पडलेला नको.

तुमचा फोन कुठे उपयोगी पडतो सांगते. टॉर्च तपासायला. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पडद्याच्या वर प्रकाश मोजणारा सेन्सर असतो, त्यावर चालणारी लक्स मीटरची फुकट ॲप्स आहेत. दाखवलेला आकडा अचूक नसतो, पण दोन टॉर्चची तुलना करायला पुरतो. बाथरूममध्ये अंधार करा, टॉर्च छताकडे तोंड करून उभी ठेवा, फोन शेजारी ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. दर पंधरा मिनिटांनी येऊन बघा. पहिल्या पंधरा मिनिटांत निम्म्यावर आली तर त्या टॉर्चला ड्रायव्हर नाही किंवा बॅटरी खोटी आहे. ऑनलाइन घेतली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका. दुकानात एवढा वेळ नसतो, तिथे फक्त कॅमेरा तिच्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे वर-खाली पळाले तर उजेड सेकंदाला बऱ्याच वेळा चालू-बंद होतोय. कमी उजेडाच्या मोडमध्ये हे चालतं, पण फार ठळक पट्टे असतील तर तासाभरात डोळे शिणतात.

मग बाबांना काय? माझं उत्तर असं. पाचशेतले बहुतेक पैसे अशा टॉर्चवर घाल, जिच्यात १८६५० सेल मागचं झाकण फिरवून काढता येतो, यूएसबीवर चार्ज होते, आणि खोक्यावर तीनशे-पाचशेच्या पुढे ल्युमेन लिहायची हिंमत केलेली नाही. सेल काढता येणं महत्त्वाचं, कारण दोन-तीन वर्षांनी फक्त सेल बदलून ती पुन्हा नवी होते. लाईट नसली तर पॉवर बँकेवर चार्ज करता येते. उरलेल्या पैशात दोन पेन्सिल सेलची लहान टॉर्च, आत अल्कलाइन सेल, कायम खिशात. दुसरी का, तर लिथियमवाली टॉर्च संपताना बऱ्याचदा सांगत नाही. सेल वाचवायला सर्किट एकदम बंद करतं आणि तुम्ही बांधाच्या मध्यावर काळोखात. पेन्सिल सेलवाली हळूहळू मंदावते, घरी यायला वेळ देते. हल्ली यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे पेन्सिल सेल निघालेत, ते छान आहेत, पण तेही असेच झटकन जातात. म्हणून खिशातल्या टॉर्चमध्ये ते नकोत.

टॉर्च आल्यावर एक मजा हमखास होते. नव्या फोनच्या दोन्हीकडे सी असलेल्या केबलने ती चार्जच होत नाही आणि लोक खराब म्हणून परत पाठवतात. स्वस्त टॉर्चमध्ये काही पैशांचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे नवा चार्जर तिला ओळखतच नाही. जुन्या चार्जरची, एका टोकाला चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा, होते चार्ज.

आणि हंगाम संपला की पेन्सिल सेल काढून ठेवा. झिंकच्या सेलचं बाहेरचं भांडंच झिजत झिजत फुटतं, अल्कलाइनसुद्धा गळतो. स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पावडर दिसली तर ती अल्कलाइनची असते. हाताने खरवडू नका, कापसावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग कोरडं करा. जुना आणि नवा सेल जोडीने घालू नका. नवा सेल जुन्याला ढकलत राहतो आणि जुना आधी गळतो.

पुढच्या भागात पॉवर बँक. त्याच्यावरच्या वीस हजारातले फोनपर्यंत किती पोचतात, ते बघू.